जुन्या आउटबोर्ड इंजिनाच्या गिअरपेटीत कोणते तेल घालावे?

प्रश्न (चिकोडी तालुका):
कृष्णाकाठच्या आमच्या गावात पुरासाठी ठेवलेल्या नावेला जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन आहे. त्याची माहितीपुस्तिका उपलब्ध नाही. खालच्या गिअरपेटीत ट्रॅक्टरचे ९० नंबरचे तेल चालेल का?

उत्तर (हुक्केरी):
कृपया मरीन गिअर तेलच घ्यावे. साध्या यांत्रिक गिअरच्या बहुतेक इंजिनांना ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे (हे आकडे तेलाचा घट्टपणा सांगतात) चालते. ही पेटी सतत पाण्याखाली असते, त्यामुळे सीलमधून थोडे पाणी शिरले तरी गिअरच्या दातांवरचा तेलाचा थर टिकावा आणि गंज चढू नये, अशी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी तेल येथे मुळीच घालू नये. जुने तेल दुधाळ निघाले, म्हणजे त्यात पाणी शिरलेले असले, तर सील बदलल्याशिवाय नवे भरण्यात अर्थ नाही. पुरात या नावेत माणसे बसणार आहेत, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वीच व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर (निपाणी):
एक अपवाद महत्त्वाचा आहे. १९६०च्या दशकातील विजेवर गिअर बदलणाऱ्या काही जॉन्सन व एव्हिनरूड इंजिनांना वेगळे, खास तेल लागते, म्हणून आधी मॉडेल क्रमांक पाहावा. तेल खालच्या छिद्रातून दाबून भरावे आणि वरच्या छिद्रातून बुडबुड्यांविना येऊ लागल्यावर आधी वरचा, मग खालचा स्क्रू नव्या वायसरसह बसवावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्या इंजिनाचा गिअर हाताच्या दांड्यानेच पडतो, तेव्हा मरीन ८०डब्ल्यू-९० मागवतो.