मदत हवी आहे: सबवूफरची घुमघुम इक्वलायझरने कशी आवरू?
नमस्कार मंडळी, इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. बैठकीची खोली ४.३ मीटर लांब, सबवूफर (खर्जाचा स्पीकर) कोपऱ्यात. ४० हर्ट्झला सगळी खोली घुमते. हिशेबही जुळतो: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, म्हणजे ८.६. डग्ग्याची घसीट ऐकावी तर नुसता घुमका! बाबांना, आयुष्यभर तबला ऐकलेल्या माणसाला, ते सहनच होत नाही. तिथे इक्वलायझरने (ठराविक पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) अरुंद पट्ट्यात ६ डेसिबल कमी करणार आहे.

खरी अडचण ६५ हर्ट्झची. सोफ्यावर तो आवाज जवळजवळ गायब, दोन फूट पुढे सरकलं की परत हजर. असा खड्डा इक्वलायझरने वाढवून भरत नाही, अँप्लिफायरवरच ताण येतो. मग आधी सबवूफर हलवू की सोफा? सोफा मागच्या भिंतीपासून १.३ मीटरवर आहे. आणि मापनाचा यूएसबी माइक इंदुरात कुणी दोन दिवस देईल का?