अगाशीवर सिनेमा: चादर चालेल का?

मांडवीकर, बडोदा: शनिवारी अगाशीवर घरच्या मंडळींसाठी सिनेमा लावायचाय. प्रोजेक्टर ३०० अँसी ल्युमेनचा (हे उजेडाचं माप), थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२. १०० इंची चित्र मिळेल? पडद्याऐवजी डबलबेडची पांढरी चादर चालेल?

अगाशीवाले काका: मिळेल, पण पूर्ण अंधारातच. मे महिन्यात आपल्याकडे आठच्या आधी सुरू करूच नका, चित्र फिकं पडतं. १०० इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, १६:९ चित्राची रुंदी २.२१ मीटर, गुणिले १.२, म्हणजे लेन्स पडद्यापासून साधारण २.६५ मीटरवर. चादर चालेल, फक्त उजेड आरपार जातो म्हणून मागे काळं कापड लावा. खालच्या शिवणीत रॉड ओवा, नाहीतर वाऱ्याने हिरो-हिरॉइन विनाकारण नाचतील. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडं चित्र चौकोनी करणाऱ्या सेटिंगने) चित्र सरळ करणं टाळा, त्यात पिक्सेल वाया जातात, अक्षरं धूसर होतात. टिपॉयखाली विटा घालून उंची जमवा.

वायरवाला_रावपुरा: ब्लूटूथ स्पीकरवर बरेचदा ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. सरळ ऑक्स वायर (हेडफोनच्या पिनची आवाजाची वायर) लावा. मोबाइल मिररिंग केलंत, म्हणजे फोनचा स्क्रीन जसाच्या तसा प्रोजेक्टरवर दाखवलात, तर ओटीटीचं चित्र कॉपी-संरक्षणामुळे काळं दिसू शकतं. प्रोजेक्टरच्या एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक (ओटीटी ॲप थेट चालवणारं छोटं यंत्र) जोडा. आणि प्रोजेक्टरची हवेची जाळी गादी-उशीला टेकवू नका, तापून मध्येच बंद पडेल.

मांडवीकर: मागे आजीची काळी शाल चालेल?

अगाशीवाले काका: चालेल. आजींना विचारून.