डॉक्टरांची ऑर्डर पटली नाही तर फोनवर कसं बोलायचं?

पेडण्याची_सिस्टर:
नमस्कार. मी प्रायव्हेटमध्ये स्टाफ नर्स. परवा नाइटला सरांनी फोनवर ऑर्डर दिली, ड्रिपमध्ये पोटॅशियम क्लोराइड घाल म्हणून. सकाळचा पोटॅशियमचा रिपोर्ट ३.१, म्हणजे कमी होता हे खरं, पण संध्याकाळपासून पेशंटचं युरीन फार कमी झालेलं. मी म्हटलं सर घालू काय नक्की, तर "डॉक्टर तू की मी?" शेवटी आरएमओंनी (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी) येऊन थांबवलं, पण आता ते सर राउंडला माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. बांबोळीला शिकताना कम्युनिकेशनचा धडा होता गो, पण रात्री दोन वाजता फोनवर जीभच वळत नाही. उद्धट न वाटता ठाम कसं बोलायचं?

डिचोलीची_ताई:
बाय, शंका काढलीस ते बरोबरच. किडनी चालत नसेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हार्टचा ऱ्हिदम बिघडतो, हे सरांनाही माहीत आहे, फक्त युरीनचा आकडा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. "घालू काय नक्की" यात तुझी शंका कळते, कारण कळत नाही. आधी आकडा सांगायचा. "सर, बेड चार, वजन ५८, चार तासांत युरीन फक्त ६० एमएल. सकाळी पोटॅशियम ३.१ होतं, त्यानंतर रिपीट नाही. आत्ता देणं मला सेफ वाटत नाही. इलेक्ट्रोलाइट आणि क्रिएटिनिन पाठवून रिपोर्ट आल्यावर फोन करू?" एस-बार (आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, आपलं मत आणि काय करायला हवं ते) म्हणतात ते हेच, मूळ अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांतलं. तरी ऐकलं नाही तर तेच वाक्य आणखी एकदा, आवाज न चढवता, मग सरळ आरएमओ.

नाइट_आरएमओ:
डॉक्टर म्हणून सांगतो, झोपेतून उठवल्यावर पहिलं वाक्यच डोक्यात शिरतं, त्यामुळे फोन करायच्या आधी चार्ट हातात पाहिजे. आणि फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवा, डोस आणि रेटसकट. निम्म्या वेळा वाचताना आम्हालाच चूक ऐकू येते. ओरडण्याचं समर्थन मात्र अजिबात नाही.

फोंड्याचा_ब्रदर:
सगळं पटलं, पण टोन सांभाळायचा ठेका नर्सिंगनेच घेतलाय काय? ते वाटेल तसं बोलणार आणि आम्ही शब्द तोलत बसायचं! फाइलमध्ये वेळ, आकडे, कोणाला कळवलं एवढंच लिही. "सर ओरडले" तिथे नको, त्याला इन्सिडेंट फॉर्म आहे, तो भरून इन्चार्जकडे दे.

पेडण्याची_सिस्टर:
थँक्यू सगळ्यांना. फॉर्म आजच भरते. पण राउंडला पेशंटच्या नातेवाइकांसमोरच बोलले तर काय करू?

डिचोलीची_ताई:
तिथे वाद नको. "सर, हे आपण स्टेशनवर बोलूया" एवढंच म्हण आणि पुढच्या बेडचा चार्ट त्यांच्या हातात दे. मग स्टेशनवर खरंच विषय काढ, इन्चार्ज बाजूला असताना. तिथे गप्प बसलीस तर परत तेच होणार.