एपॉक्सीचा दुसरा थर का सुटतो

घरी बांधलेल्या प्लायवूडच्या नावेवर एपॉक्सीचा (रेझिन आणि त्याला घट्ट करणारे हार्डनर हे दोन द्रव मिसळून केलेल्या लेपाचा) दुसरा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि दोष रेझिनचा असावा, असे एका नाव बांधणाऱ्याचे म्हणणे आहे. माझ्या पहिल्या नावेच्या तळावर नेमके हेच घडले होते, परंतु रेझिन चांगले होते आणि चूक माझीच होती. हार्डनरमधील अमाइन हे रसायन हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून घट्ट झालेल्या थरावर मेणासारखा, हाताला किंचित चिकट लागणारा पातळ लेप तयार करते. थंड व दमट हवेत तो अधिक येतो. मी त्यावर सरळ सँडपेपर फिरवला, त्यामुळे तो निघण्याऐवजी सगळीकडे पसरला. हा लेप पाण्यात विरघळतो, म्हणून आधी स्वच्छ पाण्याने घासून धुवावे, पुसून पूर्ण कोरडे करावे आणि मगच सँडपेपर फिरवावा. सुटलेला भाग मात्र खरवडूनच काढावा लागेल. त्यावर नवा थर देऊन तो झाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी चूक सांध्यांची. दोन फळ्यांची टोके उतरती कापून एकमेकांवर चिकटवण्याच्या, म्हणजे तिरप्या कापाच्या, सांध्यासाठी जाडीच्या आठपट लांबी, म्हणजे 6 मिमी प्लायवूडला 48 मिमी उतार, मी बरोबर ठेवला होता. पण उघडे पडलेले तंतू एपॉक्सी शोषून घेतात हे ध्यानात न आल्याने आणि क्लॅम्प फार आवळल्याने सांध्यात पुरेसे एपॉक्सी उरले नाही आणि तो कच्चा राहिला. आता मी आधी पातळ एपॉक्सीने दोन्ही उतार भिजवतो, नंतर भुकटी घालून दाट केलेले एपॉक्सी लावतो आणि उरलेल्या तुकड्यांचा एक सांधा मुद्दाम मोडून पाहतो. चिकटवलेली जागा न सुटता लाकूडच फाटले तर सांधा विश्वासार्ह समजतो.