मदत हवी आहे : बिल मान्यच होत नसेल, तर काय करावे?

नमस्कार. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांच्या थकीत येण्यांविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. हिशेबात नफा दिसतो. परंतु कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, मजुरी आठवड्याला चुकवावी लागते आणि बिल मात्र महिनोन्‌महिने सुटत नाही. त्यातही खरी मेख आहे ती पोहोच-पावतीत : माल गोदामात उतरतो, पण तपासणीचा शेरा मिळेपर्यंत उधारीची मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.

मेक्सिकोतील सरकारी विकास बँक नासिओनाल फिनान्सिएरा हिने २००१ मध्ये, खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलांवर पुरवठादारांना आगाऊ रक्कम मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. तिथे पत पाहिली जाते ती खरेदीदाराची, म्हणून ही कल्पना मला पटते. मात्र खरेदीदाराने बिल मान्यच केले नाही, तर सारे तिथेच अडते. आणि तक्रार करावी, तर (कायदा बाजूने असला तरी) पुढची ऑर्डर हातची जाण्याची धास्ती असते.

ऑर्डर स्वीकारतानाच तपासणीची कमाल मुदत लेखी ठरवून घेणे कोणाला जमले आहे का? त्यासाठी दरात काही सूट द्यावी लागली का? त्या अटीचा नेमका मसुदा मिळाल्यास फार उपयोग होईल.