जीवनशिक्षणाचा तास वेगळा हवा की इतर विषयांतच मिसळावा?

खडूफळा
माध्यमिक शाळेत चौदा वर्षं शिकवते आहे. वेळापत्रकात जीवनशिक्षणाला ‘व्यक्तिगत, सामाजिक व आरोग्य शिक्षण’ असं भारदस्त नाव असतं आणि शिकवायला जाते ती ज्याची तासिका रिकामी असेल ती व्यक्ती. परीक्षा जवळ आली की पहिला बळी याच तासाचा. माझं म्हणणं सरळ आहे: आठवड्याला एक स्वतंत्र तास द्या आणि तो प्रशिक्षण घेतलेल्या, मनापासून तयार असलेल्या शिक्षकाकडेच द्या.

गेल्या वर्षी मी वर्गात एक बंद खोका ठेवला. नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. मात्र चिठ्ठी सगळ्यांनीच टाकायची, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहून. नाहीतर टाकणारा लगेच ओळखू येतो. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘प्रश्न नाही’. पाचव्या आठवड्यात एक चिठ्ठी निघाली, इतक्या घड्या घातलेली की उलगडताना कागद फाटला. ‘मी मुलगा आहे. माझ्या छातीत गाठ आली आहे, हात लागला की दुखते. मला कॅन्सर झालाय का?’

वयात येताना बऱ्याच मुलांना स्तनाग्राखाली अशी गाठ येते. संप्रेरकांच्या बदलामुळे येते आणि बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरते. खात्रीसाठी डॉक्टरांना दाखवायची, बस. एवढं एक वाक्य त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. किती रात्री त्याने ती गाठ चाचपत काढल्या असतील!

दोन_मुलांची_आई
ताई, तुमची तळमळ पोचली. तरी माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. माझ्या मुलीच्या वर्गात अशाच तासाला ‘घरातली कुठली गोष्ट तुम्हाला त्रास देते’ हे कागदावर लिहायला सांगितलं. नंतर ते कागद भिंतीवर लावले. नाव नव्हतं, पण अक्षर ओळखायला वर्गात किती वेळ लागतो? आठवडाभर ती शाळेत जायला तयार नव्हती. गणित चुकीचं शिकवलं तर पुढच्या वर्षी सुधारता येतं. हे कसं सुधारणार? नाती, लाज, विश्वास या गोष्टी घरात शिकायच्या असतात.

पेशीभित्तिका
मी जीवशास्त्र शिकवतो. मला वेगळा तासच नको. वेगळा तास आला की प्रवचन आलं. अमेरिकेत १९८३ मध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहायला सांगायचे. पालक खूश, शाळा खूश. मग संशोधकांनी मोजून पाहिलं, तर मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला. त्यापेक्षा वयात येणं जीवशास्त्रात, कर्ज आणि व्याज गणितात, हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची ते व्यायामाच्या तासाला शिकवा. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली. हे फळ्यावर शिकवायचं काम नव्हेच, पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करायचं काम आहे.

खिडकीजवळचा_बाक
सर, डेअरचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे बाहेरचा माणूस यायचा, ‘नाही म्हणा’ सांगायचा आणि निघून जायचा. नेहमीचा शिक्षक, वर्षभराचा तास असं ते नव्हतंच. आणि ‘सगळ्या विषयांत मिसळा’ म्हणजे कुणाचीच जबाबदारी नाही. मला शाळेत प्रजननसंस्थेची आकृती काढायला होती, नावं द्यायची होती, गुण मिळाले. समोरचा नको म्हणतोय हे ओळखायचं कसं, हे त्या आकृतीत कुठे होतं?

इंग्लंडमध्ये २०१३ साली शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडने याच विषयाचा अहवाल दिला: ४० टक्के शाळांत शिकवणं पुरेसं चांगलं नव्हतं. सप्टेंबर २०२० पासून तिथल्या माध्यमिक शाळांत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं. पालकांना मुलाला लैंगिक शिक्षणातून वगळण्याची विनंती करता येते, नातेसंबंध आणि आरोग्याच्या भागातून नाही. शिवाय सोळावं पूर्ण होण्याआधीच्या तीन सत्रांपासून मुलाने स्वतः ‘मला शिकायचंय’ म्हटलं तर शाळेने ते शिकवायचं. हा शेवटचा भाग मला फार योग्य वाटतो.

खडूफळा
@दोन_मुलांची_आई, तुमच्या मुलीच्या बाबतीत झालं ते चूकच. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात की मुलांना स्वतःचा अनुभव वर्गात मागायचा नाही. एखादं काल्पनिक पात्र द्यायचं: ‘ही मुलगी घरी जायला टाळते. तिने कुणाशी बोलावं?’ मुलं पात्राबद्दल बोलतात आणि स्वतःसाठी ऐकतात. दुसरं म्हणजे ‘तुझं गुपित कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही, कारण मूल धोक्यात असेल तर सांगावंच लागतं. तेही मुलांना आधीच स्पष्ट सांगायचं. रिकाम्या तासिकेवर पाठवलेल्या शिक्षकाला हे कुणी सांगितलेलं नसतं. माझं भांडण या प्रशिक्षणासाठीच आहे.

@पेशीभित्तिका, छाती दाबायचं तुमच्या व्यायामाच्या तासाला, मान्य. पण ती गाठ तुमच्या धड्यात येते का?

पेशीभित्तिका
नाही येत. यंदा घेईन. वेगळ्या तासाला माझा विरोध मात्र कायम आहे.

दोन_मुलांची_आई
काल्पनिक पात्राची गोष्ट मला कुठल्याच शाळेने सांगितली नव्हती. तशी पद्धत असेल तर मी विचार करेन. पण माझी एक मागणी आहे: पुढच्या महिन्यात काय शिकवणार, कुठली चित्रं, कुठले व्हिडिओ, हे पालकांना आधी दाखवा. सूचना म्हणून चार ओळी नकोत, प्रत्यक्ष साहित्य दाखवा. आणि मुलीने घरी येऊन विचारलं तर मी काय बोलू, हेही कुणीतरी मला सांगा. माझ्या आईने मला पाळीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मी मुलीला सांगायला बसले, तेव्हा मलाही शब्द सापडले नाहीत.