स्टेप बायस (एका क्षणी एकदम चढवलेला व्होल्टेज) दिल्यावर डावा-उजवा करंट जुळत नाही, बग आहे का?

एमएससी_दुसरंवर्ष
प्रोजेक्टसाठी एकच लेव्हल असलेला क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन अडकवणारं सूक्ष्म बेट) आणि त्याला करंट पुरवणाऱ्या दोन लीड घेतल्यात, इलेक्ट्रॉनांचं आपसातलं रिपल्शन सध्या धरलंच नाही, वाइड बँड (गॅमा ऊर्जेनुसार बदलत नाही असं धरलंय), आणि 1994 चा जाउहो-विनग्रीन-मीर यांचा वेळेनुसार बदलणाऱ्या करंटचा फॉर्म्युला पायथनमध्ये बसवलाय. दोन्ही बाजूंचा गॅमा (डॉट आणि लीडमधली जोडणी किती घट्ट ते) 0.05 मिली-ईव्ही (मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट), लेव्हल 0.5 मिली-ईव्हीवर, टेंपरेचर जवळपास शून्य. शून्य वेळेला डाव्या लीडला एकदम 2 मिली-ईव्ही चढवले. शेवटी दोन्हीकडे 3.8 नॅनोअँपिअर येतो, ते ठीक, पण सुरुवातीला डावीकडचा उड्या मारतो आणि उजवीकडचा मागून सावकाश चढतो. किर्चहॉफचं (जेवढा करंट आत तेवढाच बाहेर) काय मग?? तीन दिवस बग शोधतोय, गाइड सर कॉन्फरन्सला गेलेत.

गच्चीवरची_टाकी
अरे बग कसला, डॉट भरतोय तो. टाकी भरत असताना वरून जेवढं पडतं तेवढंच खालच्या नळातून येतं का? आधी डॉटवर सरासरी 0.03 इलेक्ट्रॉन होता, शेवटी 0.51 होणार. डावीकडून आत येणाऱ्यातून उजवीकडून बाहेर जाणारा वजा कर आणि त्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ काढ, बरोबर 0.48 इलेक्ट्रॉन यायला पाहिजे. नाही आलं तर मग शोध बग.

अर्धा_गॅमा
टाकीचं पटलं पण टाकी उड्या मारत नाही ना. डाव्या लीडची फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेत ती ऊर्जा) आता डॉटच्या 1.5 मिली-ईव्ही वर गेली, दोघांच्या फेज वेगळ्या वेगाने फिरतात, तंबोऱ्याच्या दोन तारा जुळता जुळता राहिल्या की आवाज कसा हेलकावतो तसं. गॅमा ते हळूहळू विरवतो. पिरियड म्हणजे एच (प्लांकचा स्थिरांक) भागिले 1.5 मिली-ईव्ही, 2.76 पिकोसेकंद. तुझ्या ग्राफवर किती दिसतोय? विचारतोय कारण तो 3.8 मला खटकला, माझ्या हिशोबाने 5.8 यायला हवा.

एमएससी_दुसरंवर्ष
4.2 दिसतोय 😐

अर्धा_गॅमा
वाटलंच. एच-बार (एच भागिले दोन पाय) 1 धरलास आणि अक्षावर बिनधास्त पिकोसेकंद लिहिलंस. मिली-ईव्ही आणि पिकोसेकंदात एच-बार 0.658 असतो, वेळेला त्याने गुणून आणि करंटला भागून बघ. हे मी पण केलंय, तेही सेमिनारच्या आदल्या रात्री.

एमएससी_दुसरंवर्ष
हो तेच होतं!! आता 5.8 आणि 2.76, क्षेत्रफळ पण 0.48. टाइम स्टेप निम्मी करून परत रन टाकलाय.

फ्रिजवाला
लॅबवाल्याचं एक ऐका, या उड्या ऑसिलोस्कोपवर बघायच्या म्हणाल तर विसरा, तीन पिकोसेकंदांचा धक्का फ्रिजच्या (डॉट अतिथंड ठेवणाऱ्या यंत्राच्या) केबलमधून खाली पोचेपर्यंत त्याचा पार लगदा होतो. आम्ही गेटला (डॉटशेजारच्या, व्होल्टेज द्यायच्या इलेक्ट्रोडला) गिगाहर्ट्झचा सिग्नल देतो आणि सरासरी डीसी करंट मोजतो, प्रत्येक सायकलला एक इलेक्ट्रॉन गेला तर 1 गिगाहर्ट्झला 160 पिकोअँपिअर, एवढंच हातात येतं. आणि किर्चहॉफ मोडलेला नाही रे, खऱ्या डिव्हाइसमध्ये डॉटची गेटशी आणि लीडशी कपॅसिटन्स असते, तो उरलेला करंट डिस्प्लेसमेंट करंट (बदलत्या विद्युत क्षेत्राचा) होऊन तिकडून जातो. तुझ्या मॉडेलमध्ये कपॅसिटन्सच नाही तर तो दिसणार कुठून, व्हायवाला हे नक्की विचारतील.